पर्शियन मांजर घ्यावी की सयामी?

कोल्हापुरात पाळण्यासाठी या दोहोंपैकी कोणती मांजर घ्यावी, असे आपण विचारले आहे. आपण दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असता, म्हणून रूपाआधी वेळेचा विचार करावा. पर्शियन मांजर शांत असते. मात्र तिचे लांब केस रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात, चपट्या नाकामुळे डोळ्यांतून पाणी येत राहते आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात तिला श्वास घेणेही जड जाते. सयामीची निगा सोपी, परंतु ती फार बोलकी असून एकटेपणा तिला सोसत नाही. माझ्या मते आपण सयामीच घ्यावी, शक्यतो दोन भावंडे एकत्र, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

नवशिके हमखास दोन चुका करतात: १२ आठवड्यांच्या आतले पिल्लू आणतात आणि त्याला दूध-भातावर वाढवतात. मांजराला मांसाहारच लागतो. तांबडा-पांढरा रस्सा मात्र कौतुकानेही देऊ नये, कारण कांदा-लसूण तिला विषारी ठरतो.