जागतिक वारसा यादीसाठी किल्ल्यांची निवड कशी होते? तोरणा आणि सिंहगड का नाहीत?

तुमच्या प्रश्नातला राग माझ्या ओळखीचा आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आमचे दाजी पेढा खाता खाता हेच म्हणाले होते की तोरणा नाही, सिंहगड नाही, मग ही निवड केली तरी कोणी? त्यांचे उत्तरही तयार होते : दिल्लीत ज्याची ओळख, त्याचा गड. दाजींशी माझा हा वाद त्याच्या पुष्कळ आधीपासूनचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पराक्रमाच्या क्रमाने गड लावायचे, असे या निवडीचे स्वरूपच नसते. जगाच्या दृष्टीने मोलाची अशी कोणती गोष्ट या दगडांवरून आजही वाचता येते, एवढेच तेथे विचारले जाते आणि अनेक स्थळांचा एकत्रित प्रस्ताव असेल तर त्यातल्या प्रत्येक स्थळाने स्वतःची वेगळी भर घालावी लागते. म्हणून साडेतीनशेहून अधिक किल्ल्यांमधून बारा उचलताना साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि तमिळनाडूतला जिंजी हे डोंगरी किल्ले आले, प्रतापगड जंगलातला म्हणून, पन्हाळा पठारावरचा म्हणून, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा म्हणून आला आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे पाण्यातले म्हणून आले. राजगड घेतल्यावर त्याच्याच शेजारच्या, सोंडेने त्याला जोडलेल्या तोरण्याने निराळे काय सांगायचे, असे उद्या कोणी विचारले तर आपल्याकडे भावनेखेरीज फारसे काही नाही. याउलट कोकणातल्या कातळशिल्पांवर कोणी पोवाडे रचले नाहीत, ती कोणी खोदली हेही कोणाला ठाऊक नाही, तरी बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे यांसह नऊ ठिकाणे २०२२ मध्ये संभाव्य यादीत, म्हणजे पुढे नामांकन करता येईल अशा स्थळांच्या यादीत, गेली.

कार्यपद्धती थोडक्यात सांगतो. सांस्कृतिक स्थळांचे प्रस्ताव राज्याकडून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जातात आणि देशाच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद होते. तेथे किमान एक वर्ष काढल्याशिवाय नामांकन करता येत नाही आणि एका देशाला वर्षाला एकच नामांकन पाठवता येते. मराठा किल्ले संभाव्य यादीत २०२१ पासून होते. नामांकनानंतर इकोमॉस या स्मारकांविषयी सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे तज्ज्ञ प्रत्यक्ष पाहणी करतात आणि अखेरचा निर्णय २१ देशांची समिती घेते. निकष एकूण दहा आहेत, त्यांपैकी सहा सांस्कृतिक आणि चार नैसर्गिक. आपले किल्ले चौथ्या (इतिहासाचा टप्पा दाखवणारी बांधणी) आणि सहाव्या (घटना व परंपरांशी असलेले नाते) निकषावर निवडले गेले. मात्र निकषात बसूनही भागत नाही, कारण वास्तू अस्सल उरलेली आहे का आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे का, हेही पाहिले जाते. दाजींचे आणि माझे बिनसले ते या ‘अस्सल’ शब्दावरून.

आमच्या तालुक्यात एक लहानसा गड आहे. तो कोणत्याच यादीत नाही आणि बहुधा कधी येणारही नाही. पंधरा वर्षांपूर्वी दाजींच्या पुढाकाराने आम्ही पंचवीस-तीस जणांनी तेथे श्रमदान केले. दरवाजाशेजारच्या बुरुजाचे सांधे उघडे पडले होते, त्यांतून गवत आणि पिंपळाची रोपे उगवली होती. आम्ही ती उपटली, सिमेंटची पोती पाठीवरून गडावर नेली आणि तळापासून वरच्या कठड्यापर्यंत दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेतल्या. बुरूज अगदी नवा दिसू लागला. वर्गणीदारांच्या नावांची पाटी लागली, तीत माझेही नाव होते, आणि तिच्यापाशी उभे राहून मी काढून घेतलेला फोटो वर्षभर आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला होता.

तिसऱ्या पावसाळ्यात बुरुजाला पोट सुटले आणि श्रावणात त्याचा दर्शनी भाग दरीत गेला. जुन्या सांध्यांतून पाणी झिरपून बाहेर पडत असे, त्या वाटा आम्ही बुजवल्या होत्या. आतला भराव पाणी पिऊन फुगला आणि त्याने दगड बाहेर ढकलले. लाज याची वाटते की मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो आणि भराव अडवणाऱ्या भिंतीला (रिटेनिंग वॉल) पाणी निघून जाण्यासाठी भोक (वीप होल) ठेवावेच लागते, हे मी शेकडो नकाशांवर स्वतःच्या हाताने दाखवलेले आहे. शिवाय आयुष्यभर बंधाऱ्यांची मोजमापे घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने त्या बुरुजाला हात लावण्यापूर्वी त्याची एक रेघही कागदावर काढली नव्हती. त्यामुळे आज कोणी तो चुन्यात पुन्हा उभा करायचा म्हटले, तरी कोणता दगड कोठे होता हे सांगता येणार नाही.

दाजींचे म्हणणे असे की आम्ही काहीच केले नसते तरी पिंपळाने तो पाडलाच असता. पाडलाही असता, परंतु पिंपळाला वीस वर्षे लागली असती आणि तेवढ्या अवधीत एखादा जाणता पाथरवट किंवा पुरातत्त्व खात्याचा माणूस तेथे पोहोचण्याची आशा तरी होती. माझे स्पष्ट मत आहे की सिंहगडाच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता, वर दूरदर्शनचा मनोरा आणि भज्यांची रांग आपणच मान्य केली आहे, तेव्हा ‘सिंहगड का नाही’ हे पॅरिसला विचारण्यात अर्थ नाही.

येथे दाजींची बाजूही मांडायला हवी. पन्हाळ्यावर अख्खे गाव नांदते, हॉटेले आहेत, गाड्या थेट वर जातात, आणि तरीही पन्हाळा यादीत आहे. तेव्हा रस्ता आणि वस्ती हे एकच कारण असू शकत नाही. समितीत देशांचे प्रतिनिधी बसतात, तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून निर्णय झाल्याची उदाहरणेही आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीला तेथे काहीच किंमत नाही असे मी शपथेवर सांगणार नाही. तोरणा नेमका कोणत्या टप्प्यावर मागे राहिला, हे सांगणारा कागदही मी पाहिलेला नाही. वर लिहिला तो माझा तर्क आहे.

तुमच्या गावाजवळ एखादा गड असेल तर श्रमदानाला जाण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, समोरून फोटो काढा, आणि पोत्यावर सिमेंट लिहिलेले असेल तर ते पायथ्यालाच उतरवून ठेवा. गेल्या दिवाळीत मी आणि दाजी त्या दरीत उतरलो होतो. करवंदीच्या जाळीत बुरुजाचे अठरा दगड मोजता आले, त्यांतल्या सातांना सिमेंट अजून घट्ट चिकटलेले होते. ते पाहून दाजी म्हणाले, “बघ, माल चांगलाच वापरला होता आपण.”