एकाच इमारतीत दोन गाठी

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. आमच्या इमारतीत वर्षभरात दोघांना ब्रेन ट्यूमर निघाला. एक माझ्या जाऊबाई. त्यांना मेनिन्जिओमा आहे; गाठ लहान असल्याने सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगितलाय. दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांचा फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदूत गेला, मार्चमध्ये ते वारले. गच्चीवर मोबाइल टॉवर आहे, त्यावरून सोसायटीत रोज वाद होतात. हा आजार जगभर इतका वाढलाय का? माझंही डोकं अधूनमधून दुखतं. मी एमआरआय करून घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही दोघांच्या आजाराची नावं नेमकी लिहिलीत, फार बरं केलंत. कारण उत्तर त्या नावांतच आहे.

जगभरात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कॅन्सरचे २०२२ साली सुमारे ३ लाख २१ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. म्हणजे लाखामागे वर्षाला चार. भारतात तर लाखामागे दोन-अडीचच. सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी. पण तुमच्या इमारतीतले दोघंही या आकड्यात बसत नाहीत! मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणाची गाठ. ती बहुतेक वेळा साधी असते, म्हणून कॅन्सरच्या मोजणीत येत नाही. बायकांमध्ये ती पुरुषांच्या दुपटीने आढळते. काकांचा आजार मुळात फुफ्फुसाचा, त्यांची नोंद फुफ्फुसाच्या खात्यात. मेंदूत बाहेरून आलेल्या अशा गाठी, मेंदूतच उगवलेल्या गाठींपेक्षा जास्त असतात. तेव्हा एका छताखाली दोन वेगळे आजार झाले, एक आजार दोघांना झाला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढं तरी जरूर सांगा.

आता ‘वाढलाय का’ हा प्रश्न. अमेरिका-युरोपात हे प्रमाण लाखामागे पाच-सहा, सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत एकाच्या आसपास. तिथल्या माणसांची डोकी काही जास्त टणक नाहीत. तिथे मशीन कमी, नोंद ठेवणारेही कमी. मी नाशिकला काम सुरू केलं त्याला चौतीस वर्षं झाली. तेव्हा एमआरआयसाठी माझे पेशंट पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे. ज्यांना जमलं नाही, त्यांच्या गाठी कुठल्याच वहीत आल्या नाहीत. ‘म्हातारीला भ्रम झाला, मग अंगावरून वारं गेलं’ एवढंच घरचे सांगत. आज तपासणी हाताशी आली, आणि माणसं जास्त जगतात. वयाबरोबर या गाठींचं प्रमाणही वाढतं. अमेरिकेत साध्या गाठीही मोजतात, तर तो आकडा लाखामागे पंचवीसच्या घरात जातो आणि त्यातल्या दोनतृतीयांशाहून जास्त कॅन्सरच्या नसतात.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र परदेशी आकडे वाचून कळत नाही. दिंडोरीकडचा एक द्राक्ष बागायतदार, वय तिशीतलं, छाटणीच्या दिवसांत बागेतच आकडीचा झटका येऊन पडला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत अंगठीसारखा गोल ठिपका, भोवती सूज. वडील फिल्मची पिशवी छातीशी धरून बाहेर बसलेले. गाठ आहे ऐकताच बाग विकायची भाषा सुरू झाली होती. ती निघाली टेपवर्म या जंताची अळी. औषधांनी बरा झाला. आपल्या भागात झटके आलेल्या तरुणाच्या मेंदूतला असा ठिपका कितीदा तरी अळीचा किंवा क्षयाचा असतो. म्हणून ‘डोक्यात डाग’ एवढं ऐकून कुणी हाय खाऊ नये, आणि ही अळी टाळायला पालेभाजी, कोथिंबीर चांगली धुवावी.

टॉवरचं म्हणाल तर, २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइल-टॉवरच्या लहरींना ‘कदाचित कारण असू शकेल’ अशा गटात टाकलं, तिथून ही भीती पसरली. पुढे २०२४मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापरण्याचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. कानाला लावलेल्या फोनपेक्षा टॉवरच्या लहरी अंगापर्यंत कितीतरी कमी पोचतात. पक्कं ठरलेलं कारण म्हणजे डोक्याला पूर्वी दिलेलं रेडिएशन आणि घराण्यातून येणारे काही दुर्मीळ आजार.

तुमचं डोकं अधूनमधून दुखतं, त्याला आधी बीपी आणि चष्म्याचा नंबर तपासा. मात्र डोकेदुखी नवी असेल आणि दिवसेंदिवस वाढत असेल, पहाटे उलटीसह जाग येत असेल, झटका आला, बोलताना शब्द सापडेनात, एका बाजूची शक्ती किंवा नजर कमी झाली, तर थांबू नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

जाऊबाईंना सांगा, पहिली फिल्म आणि सीडी कपाटात जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी बरोबर न्या. नुसता रिपोर्ट नको. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे आम्हाला दोन्ही चित्रं शेजारी लावूनच नीट सांगता येतं.