माफ केले, पण पैशांचे काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मंडळीतल्या एका भावाला अडचणीत उसने पैसे दिले. सहा महिन्यांत परत करायचे ठरले होते, आता दीड वर्ष झाले. दर रविवारी तो उपासनेला येतो आणि नजर चुकवून निघून जातो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "सोडून द्या, क्षमा करा." क्षमा म्हणजे पैशांवर पाणी सोडायचे का?

उत्तर : नाही. क्षमा वेगळी आणि कर्जमाफी वेगळी. या दोहोंची गल्लत बहुधा तोच करतो, ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेले नसतात. मनातली अढी काढणे, सूडाचा विचार सोडणे ही क्षमा. ती तुम्ही आज, त्याला न भेटताही करू शकता. पैशांचे मात्र दोघांत ठरलेले आहे. पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र काढून पाहा, अवघी २५ वचने आहेत. फिलेमोनाचा दास अनेसिम याला भावासारखा जवळ कर, असे सांगताना पौल "त्याचे देणे विसरून जा" म्हणत नाही. त्याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो (वचने १८-१९).

आता प्रत्यक्ष काय करायचे? मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्याला एकट्याला भेटा. उपासनेनंतर आवारात, चारचौघांत नको. मेसेजवरही नको, तो पुढे कोणाकोणाला दाखवला जाईल सांगता येत नाही. अनुवाद २४:१०-११ मध्ये नियम आहे, की गहाण घ्यायला गेलेल्याने ऋणकोच्या घरात शिरू नये; बाहेर उभे राहावे, वस्तू त्यानेच आणून द्यावी. म्हणजे आपला हक्क मागतानाही समोरच्याची अब्रू राखायची. बोलायच्या गोष्टी तीनच : रक्कम किती, कधी द्यायची ठरली होती आणि आता कसे जमेल. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" इथून सुरुवात केलीत, की तो हिशेब सोडून स्वतःचा बचाव करत बसेल.

या भेटीत एक गोष्ट नक्की कळायला हवी : त्याला जमत नाही, की द्यायचेच नाही? जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि हप्त्याची रक्कम त्यालाच सुचवू द्या. तुम्ही मोठा हप्ता गळ्यात मारलात, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो चुकेल आणि तोंड चुकवणे पुन्हा सुरू होईल. एकूण रक्कम, हप्ता, तारीख, दोघांच्या सह्या एवढे कागदावर असू द्या, एक प्रत त्याच्याकडे.

टाळाटाळच दिसली तर मत्तय १८ मधले पुढचे वचन १६ : एक-दोघांना बरोबर न्या. इथे हमखास चूक होते. लोक आपल्या बाजूचे दोघे घेऊन जातात आणि भेटीचा मोर्चा होतो. ते दोघे साक्षीदार म्हणून असतात, त्यामुळे त्यालाही मान्य असलेली माणसे निवडा. प्रसंगी ती तुमचीही चूक दाखवतील, याची तयारी ठेवा. तरीही नाही, तर पाळक आणि वडीलजन (वचन १७). कोर्टाची पायरी चढण्याआधी १ करिंथकरांस ६:१-७ वाचा. भावाभावांतल्या तंट्याचा निवाडा मंडळीतल्या शहाण्या माणसाने करावा, आणि एखादे वेळी नुकसान सोसलेले बरे, असे पौल तिथे सांगतो. पण खोट्या सह्या, लबाडी, अनेकांना गंडा घालणे असा प्रकार असेल, तर तो गुन्हा आहे. त्यासाठी रोमकरांस १३:४ मधली, वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारी शासनाची सत्ता आहे. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून गुन्हा झाकणे याला क्षमा म्हणत नाहीत.

आणि सोडूनच द्यायचे ठरवलेत, तर पूर्ण सोडा. "हे पैसे आता मला नकोत" असे त्याला स्पष्ट सांगा, कागद असेल तर त्याच्यादेखत फाडा, पुन्हा विषय नको. तोंडाने "राहू दे" म्हणायचे आणि पुढची दहा वर्षे ऐकवत राहायचे, यापेक्षा वसुली परवडली. पुढच्या वेळी लूक ६:३५ (परतफेडीची आशा न धरता उसने द्या) आठवून, बुडाले तरी निभेल एवढीच रक्कम द्या.

ज्यांनी पैसे घेतले आहेत त्यांच्यासाठी नीतिसूत्रे ३:२८ : जवळ असताना शेजाऱ्याला "उद्या ये" म्हणू नको. लबाडीने घेतलेल्या किंवा ठेव म्हणून आलेल्या आणि नाकबूल केलेल्या मालाबद्दल लेवीय ६:१-५ मध्ये मुद्दलावर पाचवा हिस्सा अधिक भरायचा आहे, तोही दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल देवाला अर्पण करण्याच्याच दिवशी. नुसत्या उशिराला हा नियम लागू नाही. पण देवाजवळ कबुली आणि माणसाची भरपाई एकाच दिवशी, हा क्रम प्रत्येक देणेकऱ्याने लक्षात ठेवावा.

प्रश्न : वर्षभरात बायबल वाचून काढायचे दरवर्षी ठरवते, पण लेवीयापाशी गाडी अडते. वाचलेले आचरणात आणणे तर दूरच.

उत्तर : १,१८९ अध्याय वर्षात संपवायचे म्हणजे रोज तीन-चार. तीन दिवस चुकले की दहा अध्याय मागे पडतात, आणि नेमके तेव्हाच निर्गम २५ पासून निवासमंडपाची (इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूची) मापे सुरू होतात. दोष तुमच्या भक्तीचा नाही, आखणीचा आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. उरलेले दोन दिवस राहिलेले भरून काढायला. सुरुवात मार्कपासून करा, १६ अध्याय आहेत आणि वेग आहे. लेवीय जरूर वाचा, पण नंतर, इब्री लोकांस पत्राच्या जोडीने.

आचरणाचे म्हणाल, तर वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहा, आणि त्या ओळीत कोणाशी, काय आणि केव्हा, हे तिन्ही हवे. याकोब १:१९ वाचून "रागावर ताबा ठेवावा" असे लिहिलेत तर काहीच होणार नाही. "आज संध्याकाळी मुलाचे बोलणे पुरते ऐकल्याशिवाय मध्ये बोलणार नाही" हे जमते, आणि जमले की नाही हे रात्री कळतेही. रोज नवी ओळ सापडायलाच हवी असे नाही. कालची जमली नसेल तर आज तीच.

प्रश्न : यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव म्हणतो) परीक्षेच्या आधी मुलांना पाठ करायला देतो. त्यात गैर काय?

उत्तर : पाठ करू द्या, पण १० वे वचनही द्या. हे पत्र बाबेलात बंदिवान असलेल्यांना आहे आणि सुटका ७० वर्षांनी असे त्यात म्हटले आहे. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे ठीक होईल म्हणून सांगतो (२८:३), आणि तो खोटा ठरतो. यिर्मयाचे पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ परत येणार नव्हते. त्यांना काय सांगितले? घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा (२९:५-७). मुलाने हे वचन घेऊन अभ्यासाला बसावे. निकाल मनासारखा लागेल, अशी हमी त्यात शोधली तर नापास होताच त्याचा विश्वासही डळमळेल.

प्रश्न : प्रार्थना गटात दुसऱ्यांच्या अडचणी सांगतो. ही चहाडी का?

उत्तर : त्या व्यक्तीची परवानगी नसेल तर होय (नीतिसूत्रे ११:१३). आधी विचारा. विचारता येत नसेल तर "एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढे पुरे. देवाला तपशील सांगावा लागत नाही. गटात आलेले मेसेज खात्री न करता पुढे ढकलणाऱ्यांनी निर्गम २३:१ (खोटी अफवा पसरवू नको) वाचावे.

प्रश्न : मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलो आहे. आता धास्ती वाटते.

उत्तर : धास्ती योग्य आहे. फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाते, असा इशारा नीतिसूत्रे २२:२६-२७ मध्ये आहे. सही होऊन गेलेल्यांना नीतिसूत्रे ६:१-५ सांगते, की झोप घेऊ नको, जा, गळ घाल, स्वतःला सोडव. तेव्हा या आठवड्यातच मेहुण्याकडून कर्जाचे खातेउतारे मागा, किती हप्ते थकले ते पाहा, आणि दुसरा जामीन किंवा तारण देऊन तुमचे नाव काढता येईल का, हे कर्ज देणाऱ्याला लेखी विचारा. नाव निघत नसेल, तर थकलेल्या प्रत्येक हप्त्याची सूचना तुम्हालाही मिळावी, असे त्याच अर्जात मागून घ्या. घरात बायकोला अजून सांगितले नसेल तर तेही आजच.