प्रिंट काळपट, गुलाल सपाट : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत प्रिंटविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. कोल्हापुरात लॅबच्या काउंटरमागे मी अनेक वर्षं काम केलं. फोटो कागदावर उतरला की तो कसा काढलाय हे काढणाऱ्यालाच पहिल्यांदा नीट दिसतं, हे तिथं रोज पाहिलं. म्हणून ‘कोणता कॅमेरा घेऊ’ची पत्रं मागे ठेवून प्रिंटची आधी घेते.

ताई, लॅपटॉपवर फोटो छान उजळ दिसतो. तोच १२×१८ इंची करून आणला की काळपट, सावल्या बुजलेल्या. दुसऱ्या लॅबमध्ये दिला, तिथंही तेच. कॅमेरा बदलायची वेळ आली का? (बार्शी)

कॅमेऱ्याला हात लावू नका, लॅबलाही दोष देऊ नका. तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त आहे. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद मात्र खोलीतला उजेडच परत देतो. प्रिंटसाठी एडिट करताना स्क्रीनची उजळता दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला असावी असं मानतात. लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसला याच्या दुप्पट-अडीचपट सहज जातो. त्यात आपण एडिटिंगला बसतो रात्री जेवणं उरकल्यावर, दिवे मालवून. तेव्हा फोटो अजूनच उजळ वाटतो आणि आपण एक्स्पोजर, म्हणजे फोटोची एकूण उजळता, खाली ओढतो.

यंत्र न घेता करता येण्यासारखा उपाय सांगते. दिवसा, खिडकीजवळ पण थेट ऊन नसेल अशा जागी बसा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी साधा झेरॉक्सचा कागद धरा. दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करत न्या. ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा मोड बंद ठेवा. आता तुमचेच जुने फोटो उघडून पाहा, ते किती अंधारे आहेत ते लगेच कळेल. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र, पुढे चार मित्रांत मिळून घ्या, महिन्यातून एकदा लागणारी वस्तू आहे.

मग मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच फोटोच्या ४×६ च्या तीन प्रती काढा : एक आहे तशी, दुसरी एक्स्पोजर एक-तृतीयांश स्टॉप वाढवून, तिसरी दोन-तृतीयांश वाढवून. (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट होतो, कमी केला की निम्मा.) मागे पेन्सिलीनं आकडे लिहा. फोटो जिथं लावायचाय त्या भिंतीवर, तिथल्याच दिव्याखाली तिन्ही धरून बघा. आणि लॅबवाल्याला स्पष्ट सांगा, ‘करेक्शन नको, आहे तसं काढा.’ ऑपरेटर समोरचा फोटो बघून आपल्या अंदाजानं डेन्सिटी, म्हणजे प्रिंटचा गडदपणा, कमी-जास्त करतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण मग तुमची फाइल चुकली की त्याचा अंदाज, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत फोटो काढले. गुलाल जिथं दाट आहे तिथं नुसता गुलाबी पट्टा दिसतो, कण नाहीत, चेहऱ्यावरचा पोत नाही. हिस्टोग्राम तर व्यवस्थित मध्ये होता. असं का? (इचलकरंजी)

फार चांगला प्रश्न, आणि आपल्याकडच्या प्रत्येक फोटोग्राफरला पडायला हवा असा. हिस्टोग्राम म्हणजे फोटोत अंधारा भाग किती आणि उजळ किती हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख. कॅमेरा जो एकच पांढरा हिस्टोग्राम दाखवतो त्यात तिन्ही रंगांची बेरीज असते आणि बेरजेत हिरव्याला सर्वांत जास्त वजन असतं. गुलालात हिरवा जवळपास नसतोच. त्यामुळे लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, २५५ या कमाल आकड्याला जाऊन आदळला तरी पांढरा आलेख मध्येच दिसतो. मेनूत जाऊन लाल-हिरवा-निळा असा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. जोतिबाच्या वाडी रत्नागिरीत चैत्रातल्या उन्हात, सासनकाठ्या नाचवत चांगभलंच्या गजरात मंडळी पुढे येतात तेव्हा लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. चेहरे थोडे गडद येतील, ते नंतर उचलता येतात. उडालेला लाल परत आणता येत नाही.

अशा ठिकाणी रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा उचलायला त्या पायऱ्या लागतात. मात्र कॅमेऱ्यावर दिसणारा हिस्टोग्राम रॉ काढतानाही जेपेगवरूनच बनतो. म्हणून मेनूतली पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या पर्यायावर असेल तर ‘न्यूट्रल’ करा, आलेख खऱ्याच्या जवळ येईल.

एवढं करूनही प्रिंटमध्ये पट्टा येऊ शकतो, त्याचं कारण निराळं. गुलालाचा रंग इतका तीव्र असतो की एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीन आणि प्रिंटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगांच्या ठरावीक चौकटीत, बसवताना त्याच्या छटा एकमेकींवर चढतात. लॅबला फाइल बहुतेक एसआरजीबीतच लागते, तेव्हा हे आपणच हाताळायचं. एडिटिंगमध्ये गुलाबी आणि मजेंटाचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) पंधरा-वीसनं कमी करा, त्यांची ल्युमिनन्स (उजळता) थोडी उतरवा. भुवईवर बसलेले कण, घामाच्या ओघळानं गालावर पडलेली मोकळी रेघ, सगळं परत दिसायला लागतं. लोक रंग वाढवतात तिथं आपण कमी करायचा. जेजुरीच्या भंडाऱ्याला हेच लागू आहे, फक्त तिथं लाल आणि हिरवा दोन्ही वर जातात आणि निळा तळाला बसतो, म्हणून कमी करायचा तो पिवळा.

आणि यात्रेत लेन्स बदलू नका. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट झूम लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर गुलालही. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, ती बांधायला रबर बँड, आणि झूम न हलवता एकच फोकल लेंग्थ, एवढ्यावर भागवा. घरी आल्यावर आधी कोरडा ब्रश आणि ब्लोअर. ओल्या फडक्यानं पुसलं की गुलाल विरघळतो आणि फटींत जाऊन बसतो.

१८-५५ ची झूम लेन्स आहे. घरगुती बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण असे फोटो काढते. आता ५० एमएम घेऊ की ३५? दोन्ही अ‍ॅपर्चर १.८ चे. (नाशिक)

कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर ३५. त्यावर ५० एमएम साधारण ७५ एमएमसारखी दिसते आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी पाळण्याभोवतीच्या बायका फ्रेममध्ये मावत नाहीत. अ‍ॅपर्चरचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते. तुमची झूम ३५ वर साधारण ४.५ पर्यंतच उघडते, १.८ वर त्याच्या सहापट उजेड मिळेल. फ्लॅश लागणार नाही, त्यामुळे बाळ दचकणार नाही, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. खात्री नसेल तर झूम ३५ वर चिकटपट्टीनं अडकवा, एक कार्यक्रम तसाच काढा, मग पैसे द्या.

८×१० काढली की कुणाचं तरी डोकं किंवा पाय कापले जातात. (लातूर)

तुमचा सेन्सर ३:२ आहे, म्हणजे पूर्ण फ्रेम ८×१२ ला बसते. ८×१० मागितलं की दोन इंच जाणारच. एकतर ८×१२ मागा, नाहीतर काढतानाच कडेला जागा सोडा आणि क्रॉप स्वतः करून द्या. तुमच्या २४ मेगापिक्सेलमधून ६००० × ४००० पिक्सेल मिळतात, इंचाला ३०० धरले तर १२×१८ ला ५४०० × ३६०० पुरतात. तेव्हा मेगापिक्सेलची चिंता सोडा. फाइल मात्र पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती लहान होते आणि मग १२×१८ फुटलेली येते.

पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. (मालवण)

बुरशी आहे. स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे लवकर न्या. जाळी साफ होते, पण बुरशीनं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहतो, म्हणून उशीर नको. बाकीच्या लेन्स बॅगेतून आजच बाहेर काढा. फोम आणि चामडं ओल धरून ठेवतात. रबरी कडेचा हवाबंद डबा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. सिलिकाचे नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आत तापवून, पूर्ण गार करून परत ठेवा. कोकणात जून ते सप्टेंबर हे वरचेवर करावं लागेल. अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरतही राहा, बंद कपाटात महिनोन्‌महिने पडलेल्या लेन्सला बुरशी आधी धरते.