चार पैशांचा फरक आणि अडकलेलं ॲप

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या दूध संकलन केंद्रासाठी ॲप करायला घेतलं, त्याला आठ महिने झाले. सुरुवातीला फक्त दुधाची नोंद होती. मग लॉगिन, तीन भाषा, आलेख, हवामान, चॅटबॉट असं वाढतच गेलं. उचल आणि पशुखाद्याची कपात मात्र अजून बाकीच आहे. एकदा बाबांना दाखवलं, तर एका सभासदाच्या बिलात चार पैशांचा फरक निघाला. तेव्हापासून ते उघडावंसंच वाटत नाही. मैत्रिणींचे कॉलेजचे प्रोजेक्ट पूर्ण झालेत. हे सोडून विकतचा तयार प्रोजेक्ट घेऊ, की फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायचं एक साधन) पहिल्यापासून लिहू? मला हे जमतं का, तेच कळेनासं झालंय.

उत्तर : सोडू नकोस आणि पहिल्यापासून लिहूही नकोस. पण आधी त्या चार पैशांबद्दल बोलू, कारण तुझा धीर तिथे सुटलाय.

बाबा वहीत काय करतात ते बघ. समजा, सकाळचं दूध ५.३ लिटर आणि त्या फॅट-एसएनएफला (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) दर ३४.७५ रुपये. गुणाकार येतो १८४.१७५. वहीत अर्धा पैसा लिहीत नाहीत, म्हणून बाबा १८४.१८ लिहिणार. तुझं ॲप बहुधा १८४.१७५ तसंच पोटात ठेवतं आणि दहा दिवसांची बेरीज झाल्यावर एकदाच पैशांत बसवतं. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी, प्रत्येकीत पाव-अर्धा पैसा इकडेतिकडे. चार पैसे सहज होतात. त्यात कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थळी ४ उमटतो. रक्कम पैशांत, पूर्ण अंकात साठव आणि प्रत्येक नोंद तिथल्या तिथे पैशाला बसव, बाबांसारखी. फरक गेला का पाहा.

पैशांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहिणारे भलेभले या खड्ड्यात पडलेत. तुझी चूक बाबांनी पहिल्याच दिवशी पकडली, हे तुझं भाग्य आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये ती कुणाच्या लक्षातही आली नसती.

आता वाढत गेलेल्या गोष्टींकडे येतो. कपात बाकी आणि चॅटबॉट तयार, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कपात किचकट आहे. कुणाची उचल किती, कुणाचं पशुखाद्य याच बिलात कापायचं, कुणाचं पुढच्या, हे बाबांना विचारत बसावं लागतं. हवामानाचं पान एका रात्रीत होतं आणि काम केल्याचं समाधान देतं. मला वाटतं, अवघड कामाशी आलीस की तू दर वेळी बाजूच्या वाटेने गेलीस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आता ते ओळखायला हवं.

म्हणून आजची स्थिती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) वेगळ्या शाखेवर, म्हणजे वेगळ्या प्रतीत, जपून ठेव, म्हणजे काही गमावल्याची रुखरुख राहणार नाही. मुख्य शाखेवर तीनच गोष्टी राहू देत: नोंद, कपात, दहा दिवसांचं बिल. लॉगिन काढ, केंद्रावर दूध मोजून घेणारे बाबा एकटेच आहेत. भाषा मराठी पुरे. नवी कल्पना सुचली की वहीत लिही आणि वही मीट.

पहिल्यापासून लिहिण्याचा मोह फार मोठ्यांनाही झालाय. नेटस्केप या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली. मग त्यांनी ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही आणि सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार काबीज केला होता. तुझ्यापुढे वर्षभरात प्लेसमेंट आहे.

विकतच्या प्रोजेक्टचं म्हणशील, तर त्या पैशांत बाबांना केंद्रासाठी छोटा प्रिंटर घेऊन दे. मुलाखतीत 'हे असंच का केलं?' असा एक प्रश्न आला की विकत घेतलेल्याकडे उत्तर नसतं, हे मी विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती घेताना फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय. तुझ्याकडे त्या अर्ध्या पैशाचं उत्तर आहे. ते सांगताना तुला पाठांतर लागणार नाही.

मैत्रिणींचे प्रोजेक्ट पूर्ण झाले, तर होऊ देत. त्यांच्या प्रोजेक्टमधून कुणाला दहा दिवसांनी दुधाचे पैसे मिळणार नाहीयेत.

बिलाचा नवा हप्ता ११ तारखेला सुरू होतो ना? त्या दिवशी सकाळी सहाला बाबांशेजारी बस. सगळे सभासद घेऊ नकोस, पाचच घे. त्यांतल्या एकाची तरी उचल चालू असावी. बाबा वहीत लिहितील, तू मोबाइलवर. नेट बंद ठेवूनही नोंद होते का, तेही बघ. २१ तारखेला वही आणि तुझी बिलं शेजारी ठेव. फरक आलाच, तर किती आणि कुठल्या नोंदीत, एवढं मला लिहून पाठव.