आंबा आढीतच का सडतो?

प्रश्न : वाशीच्या फळबाजारातून हापूसची कच्ची पेटी आणली. आढी घातल्यावर पाचव्या दिवशी काही फळांवर काळे डाग उमटले, दोन-तीन देठाकडून काळी पडून पाणावली. घेताना फळ अगदी स्वच्छ होतं. चुकलं कुठे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बुरशी पेटीतूनच घरी आली. डाग करप्याचे, म्हणजे कोलेटोट्रायकम बुरशीचे. कैरी झाडावर असतानाच ती पाऊस-दवाच्या ओलाव्यात सालीत शिरते आणि दबून राहते. कच्च्या सालीत तिला रोखणारी द्रव्यं असतात. फळ पिकू लागलं की ती घटतात आणि डाग पसरतो. देठाकडची कूज निराळी. ती बहुधा लॅसिओडिप्लोडिया या दुसऱ्या बुरशीची, देठातून आत उतरणारी. म्हणून देठ मुळापासून तुटलेली, चीक ओघळलेली फळं पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

करप्यावर उपाय गरम पाण्याचा : ५२ अंश सेल्सिअस, १० मिनिटं. फळ हिरवं, कडक असतानाच, शक्यतो आणल्या दिवशी. डझनभर आंब्यांना मोठी बादली भरून पाणी घ्या. कमी पाणी लगेच निवतं. थर्मामीटर हवाच (तापाचा नव्हे, तो ४२च्या पुढे जात नाही). सुरुवातीला पाणी ५४ ठेवा, कारण फळं पडताच पारा उतरतो. मग लागेल तसं कढत पाणी कडेने सोडून ढवळा, फळावर ओतू नका. पाणी ५०च्या खाली गेलं तर बुरशी तगते, ५५च्या वर साल भाजते. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओलं फळ पेंढ्यात घातलं तर सगळी मेहनत पाण्यात. देठकुजीवर मात्र या उपायाचा फारसा भरवसा नाही.

आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दमट हवेत पेटी बंद ठेवू नका. कोरडा पेंढा, एकच थर, रोज एक नजर. सडकं फळ इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतं आणि शेजारच्यांनाही घाईने पिकवतं. कच्चा आंबा फ्रिजमध्ये तर नकोच : थंडीने साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही आणि बुरशीला आयतं फावतं.

सालीपुरता डाग असेल तर भोवतालच्या गरासकट कापून बाकीचा आंबा खा. पाणावलेला, आंबूस वासाचा सरळ टाका. त्याचा आमरसही नको.

प्रश्न : आंबा बाहेरून उत्तम, पण कापल्यावर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. ही बुरशीच का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही, हा साका. हापूसचा जुना दोष आहे, रोग नव्हे. एका फळाचा दुसऱ्याला लागत नाही. गरम पाण्याने जात नाही, बाहेरून ओळखूही येत नाही. तेवढा भाग काढून उरलेला खुशाल खा.