दावा ओढ्याचा लावा, मंजुरीचा नको

प्रश्न : पाटण तालुक्यातल्या आमच्या सड्यावर चार महिन्यांपूर्वी पवनचक्क्यांसाठी रस्ता काढला. मुरूम ओढ्यात लोटला, आता पावसाचं पाणी माझ्या भातखाचरात घुसतंय. एका चक्कीचा पाया घरापासून 350 मीटरवर आखलाय. पर्यावरण मंजुरी नाही. ग्रामसभेचा ठराव विरोधात आहे, जमिनी भाड्याने दिलेले मात्र बाजूने. काम थांबेल का?

उत्तर : मंजुरीच्या मुद्द्यावर थांबणार नाही. 2006 च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या परिशिष्टात, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत, पवनऊर्जा नाहीच. 'सगळ्या परवानग्या आहेत' हे कंपनीचं म्हणणं बहुधा खरं असतं, लागणाऱ्याच थोड्या. खासगी जमिनीवर नुसत्या ठरावानेही काम अडत नाही. तरी रस्त्याखालच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा. 'इतर हक्क'मध्ये वनाची नोंद निघाली, तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची पूर्वमंजुरी दाखवायला सांगा.

तुमची भक्कम बाजू ओढा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली नैसर्गिक प्रवाहातला अडथळा काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. मुदत 6 महिने, आणि ती पहिल्या पावसापासून नव्हे, मुरूम लोटल्यापासून धरा. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा 'इथे नव्हताच' असं सामनेवाले बिनदिक्कत सांगतात. म्हणून भूमी अभिलेखकडून गाव नकाशाची नक्कल घ्या, पाणी वाहत असतानाच फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा मागा. त्यात ढिगाची लांबी, उंची आणि गट नंबर यायला हवा. मुरूम उत्खननाचा परवाना माहिती अधिकारात मागा. नसेल तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो.

पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणातही पर्यावरणाच्या वादासाठी त्याच्या कायद्याच्या कलम 14 ची मुदत 6 महिनेच. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. भरपाईला 5 वर्षं मिळतात, तेव्हा भाताच्या नुकसानीचा हिशेब जुळेपर्यंत कलम 14 चा अर्ज लांबवू नका.

घराचं जरा कठीण. आवाजासाठी वस्तीपासून 500 मीटर अंतर ठेवा, असं केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण तो कायदा नव्हे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, आणि ध्वनिप्रदूषण नियमांतल्या नियम 7 खाली तक्रार करायला आवाज त्याहून 10 ने जास्त लागतो. तोवर चक्की उभी राहिलेली असते. पाया भरण्याआधीच जिल्हाधिकारी आणि महाऊर्जाकडे (राज्याची अपारंपरिक ऊर्जा संस्था) लेखी हरकत नोंदवून पोच घ्या.

भाड्याने जमीन दिलेल्या सगळ्यांना दाव्यात ओढू नका. ज्याच्या गटात ढीग आहे त्याला मात्र सामनेवाला करावंच लागेल, मग तो भाऊबंद का असेना.